मध, उंदीर आणि सहा तोंडांचा हत्ती

वैकुंठ एकादशीच्या पहाटे हैदराबादच्या कुकटपल्लीत लवकर उठावं लागतं. वैष्णव देवळांचं उत्तरेकडचं दार त्या दिवशी दर्शनासाठी उघडतं आणि त्या दारातून जाण्यासाठी अंधारातच रांगा लागलेल्या असतात. नांदेड-लातूरकडून, सोलापूरकडून येऊन इथे राहिलेल्या मराठी घरांना हा सण तसा शेजारचा. आपल्या पंचांगात ही एकादशी कुठल्या वर्षी मोक्षदा असते, कुठल्या वर्षी पुत्रदा. कारण तेलुगू मंडळी ती धनुर्मासावरून धरतात आणि आपण चांद्र महिन्यावरून. मराठी घरात त्या दिवशी साबुदाण्याची खिचडी होते, शेजारच्या तेलुगू घरात जागरणाची तयारी होते. जागरण म्हटलं की रात्र कशी काढायची हा प्रश्न आलाच. मग कपाटातून एक घडी घातलेला कागद निघतो, जमिनीवर पसरला जातो आणि कवड्या खुळखुळू लागतात.

कागदावर चौकोन आहेत, साप आहेत, शिड्या आहेत. तेलुगूत या खेळाला वैकुंठपाळी म्हणतात, जरा भारदस्तपणे परमपदसोपान पटमु. मराठी पोरांना ती सापशिडी वाटते आणि त्यात त्यांचं चुकत नाही. फक्त इथे चौकोनांना नुसते आकडे नसतात, नावं असतात. शिडीच्या पायथ्याशी एखादा सद्गुण, सापाच्या तोंडाशी एखादा दुर्गुण किंवा पुराणातला एखादा असुर, आणि सगळ्यात वर वैकुंठ. आपल्याकडे याच कुळातला मोक्षपट होता. उत्तरेकडे तो ज्ञानचौपड झाला. वैष्णव पटांत बहुधा ७२ घरं, जैन पटांत ८४. मोक्षपटाचं श्रेय मराठीत सर्रास ज्ञानेश्वरांना दिलं जातं. त्याला भक्कम पुरावा नाही आणि खरं सांगायचं तर ज्ञानेश्वरांना त्या श्रेयाची गरजही नाही. साहेब लोकांनी एकोणिसाव्या शतकात हा खेळ इंग्लंडला नेला. तिथल्या पोरखेळात वैकुंठ राहिलं नाही आणि उरले ते शंभर आकडे. आपल्या शाळांच्या सुट्ट्यांत परत आला तो हा कोरा पट.

पटात एक गोष्ट मात्र सापडत नाही, ती म्हणजे वय. दान चांगलं पडलं तर पाच फेकीत माणूस वैकुंठात, वाईट पडलं तर रात्रभर तळाच्या ओळीत. कोणी बाल नाही, कोणी म्हातारा नाही, सोंगट्या सगळ्या सारख्याच. पाप-पुण्याचा हिशेब चोख आहे, काळाचा हिशेबच नाही. मध्ययुगातल्या माणसाला काळ कसा दिसत होता आणि त्या काळात आपलं आयुष्य कुठे बसतं असं वाटत होतं, हे पाहायचं तर दुसऱ्या एका चित्राकडे वळावं लागतं. ते चित्र जुनं आहे, पण मध्ययुगाने ते डोक्यावर घेतलं आणि निम्म्या जगात फिरवलं.

महाभारताच्या स्त्रीपर्वात ते येतं. युद्ध संपलेलं आहे. शंभर मुलगे गेलेला आंधळा म्हातारा राजा बसला आहे आणि विदुर त्याची समजूत काढतो आहे. विदुर एक गोष्ट सांगतो. एक ब्राह्मण श्वापदांनी भरलेल्या अरण्यात शिरतो. जिवाच्या भीतीने धावत सुटतो, तर दिसतं की सगळ्या अरण्याला जाळं लावलेलं आहे आणि एक भयंकर बाई दोन्ही हातांनी ते अख्खं रान कवेत घेऊन उभी आहे. पळता पळता तो गवता-वेलींनी झाकलेल्या एका विहिरीत पडतो. तळापर्यंत मात्र जात नाही, वेलींत अडकतो आणि लोंबकळत राहतो. पाय वर, डोकं खाली. इथे व्यासांनी दिलेली उपमा कोकणातल्या माणसाला जास्त पटेल: देठाला लटकलेल्या मोठ्या फणसासारखा.

तळाशी एक थोरला नाग. विहिरीच्या काठाला एक हत्ती, काळा-कबरा, सहा तोंडांचा आणि बारा पायांचा, सावकाश चालत येणारा. काठावरच्या झाडाला मधमाश्यांचं मोहोळ. त्याच झाडाची मुळं काळे आणि पांढरे उंदीर कुरतडताहेत. आणि या सगळ्या घोळात मोहोळातून मधाची धार गळते आहे. उलटा टांगलेला तो माणूस ती धार जिभेवर घेतो. पुन्हा घेतो. तहान भागत नाही आणि जगण्याचा कंटाळाही येत नाही.

गोष्टीची किल्ली विदुरच देतो. अरण्य म्हणजे संसार, श्वापदं म्हणजे रोग. विहीर म्हणजे देह. वेल म्हणजे जगण्याची आशा. उंदीर म्हणजे दिवस आणि रात्र. हत्ती म्हणजे वर्ष: सहा तोंडं हे सहा ऋतू, बारा पाय हे बारा महिने. तळाचा नाग हा काळ. माश्या म्हणजे वासना, मध म्हणजे त्यांचं सुख. आणि रानाला कवेत घेणारी ती बाई म्हणजे जरा, म्हातारपण, रंग आणि रूप खाऊन टाकणारी.

हे बारकाईने पाहण्यासारखं आहे. बालपण, तारुण्य, म्हातारपण अशी रांग इथे लावलेलीच नाही. म्हातारपण आयुष्याच्या शेवटी येत नाही, ते पहिल्यापासून रानाच्या कडेला हात पसरून उभं आहे. माणूस कुठल्याही वयात पळाला तरी त्या मिठीतच पळतो. काळसुद्धा एकाच रूपात येत नाही. उंदरांच्या दातांत तो बारीक आहे, हत्तीच्या पावलांत संथ आहे आणि नागाच्या तोंडात एकदाच आहे. दिवस, वर्ष आणि मृत्यू या तीन मापांना तीन जनावरं दिली आहेत. कालगणनेचं एवढं नेमकं चित्र दुसरं सापडणं कठीण. शिवाय हे पंचांग पाठ करावं लागत नाही.

पण सगळ्यात मजेदार आहे तो श्रोता. गोष्ट ऐकून धृतराष्ट्राला त्या माणसाची दया येते. अरेरे, केवढं हे दुःख, हा माणूस आहे तरी कुठे, त्याला सोडवता कसं येईल, असं तो विचारतो. ही गोष्ट आपली आहे हे त्याच्या लक्षातच येत नाही. मग विदुर सगळा अर्थ उलगडून सांगतो. त्यावर राजा काय म्हणतो? वा, फार सुंदर आख्यान सांगितलंस, तुझी वाणी अमृतासारखी आहे, आणखी ऐकव. म्हणजे मधाची गोष्ट त्याने मधासारखीच चाटली. हा विनोद मुद्दाम केला असेल की नाही, यावर पंडितांनी वाद घालावा. विनोद चांगला आहे एवढं खरं.

जैनांनी ही गोष्ट मधुबिंदू नावाने आपली केली. जैन महाराष्ट्री प्राकृतातल्या वसुदेवहिंडीत ती आहे, बाराव्या शतकात हेमचंद्रांच्या परिशिष्टपर्वात आहे. पुढच्या कथनांत आकाशातून विद्याधराचं विमान येतं, हात पुढे होतो आणि लोंबकळणारा म्हणतो, थांबा हो, एवढा एक थेंब पडू द्या. महाराष्ट्रातल्या कितीतरी जैन मंदिरांत हे चित्र भिंतीवर रंगवलेलं किंवा चौकटीत लावलेलं दिसतं.

पश्चिमेचा प्रवास तर आणखी विलक्षण. बुद्धाच्या चरित्रातला बोधिसत्त्व हा शब्द अरबी मुलखात बोदासफ, पुढे युदासफ झाला. जॉर्जियातल्या ख्रिस्ती साधूंनी त्या चरित्राची संतकथा केली, अकराव्या शतकाच्या आसपास ती ग्रीकमध्ये गेली, तिथून लॅटिनमध्ये, आणि राजपुत्र सिद्धार्थ युरोपात संत जोसाफत म्हणून पुजला जाऊ लागला. रोमच्या संतसूचीत त्याचा दिवस होता, २७ नोव्हेंबर. त्या चरित्रात गुरू बार्लाम शिष्याला विहिरीतल्या माणसाची गोष्ट सांगतो. हत्तीच्या जागी एकशिंगी प्राणी आला, नागाचा अग्नी ओकणारा ड्रॅगन झाला. उंदीर आणि मध तेवढे जसेच्या तसे पोचले.

इटलीतल्या पार्मा शहरात ११९६ साली बाप्तिस्मागृहाचं बांधकाम सुरू झालं. शिल्पकार बेनेदेत्तो अँतेलामी. दक्षिणेच्या दारावरच्या अर्धवर्तुळात त्याने हाच देखावा कोरला: झाडात बसलेला तरुण, हाताशी मधाचं पोळं, खाली ड्रॅगन, मूळ कुरतडणारी दोन जनावरं आणि दोन बाजूंना सूर्य-चंद्राचे रथ. त्याच इमारतीच्या पश्चिम दारावर द्राक्षमळ्यातल्या मजुरांच्या दृष्टांताबरोबर माणसाची सहा वयं कोरलेली आहेत. युरोपला वयं मोजायला फार आवडायचं. कुणी ऋतूंवरून चार केली, कुणी ग्रहांवरून सात. पुढे १५४० साली यॉर्ग ब्रॉय धाकटा याने लाकडी ठशावर दहा पायऱ्यांचा जिना छापला: पन्नाशीपर्यंत चढ, तिथून उतार. हा जिना पुढची तीनशे वर्षं युरोपच्या घराघरांत लटकला. जिना दिसायला सुबक आहे, पण त्यात एक थाप आहे. प्रत्येकाला दहाही पायऱ्या मिळतात, असं तो गृहीत धरतो. पार्माच्या त्या एका इमारतीत मोजलेली वयं एका दारावर आणि बिनमोजलेली विहीर दुसऱ्या दारावर आहे. विहीर जास्त खरी वाटते.

या प्रवासाचं एक टोक पुन्हा मराठी मुलखाला येऊन लागतं. गोव्यात पोर्तुगीज दप्तराचा रखवालदार असलेला इतिहासकार दियोगु दु कोउतु याने १६१२ साली छापलेल्या ग्रंथात बुद्धाचं चरित्र दिलं आणि लिहिलं की हे तर अगदी संत जोसाफतसारखं आहे. त्याने चौकशीही केली. साष्टीतल्या एका अतिवृद्ध माणसाकडून त्याला कळलं की कान्हेरीची लेणी जोसाफतच्या बापाने मुलाला जगापासून दूर ठेवायला कोरवली होती. माहिती चुकीची, पण नाक बरोबर. बुद्ध आणि जोसाफत एकच, हे युरोपातल्या विद्वानांनी पक्कं केलं ते एकोणिसाव्या शतकात. आपल्या बोरिवलीच्या डोंगरात मात्र त्याचा वास आधीच लागला होता. कोउतु १६१६ साली गोव्यातच वारला.

कुकटपल्लीच्या माणसाला काळाचं चित्र बघायला इतक्या लांब जायचं कारण नाही. मियापूरहून येणारी मेट्रो २०१७च्या नोव्हेंबरात सुरू झाली, तेव्हापासून इथले पत्तेसुद्धा मेट्रोच्या खांबांच्या नंबरांवरून सांगितले जातात. त्याच लाल लाइनने न बदलता असेंब्ली स्टेशनला उतरलं की शेजारी पब्लिक गार्डन्स आणि त्यात राज्य संग्रहालय. तिथे अजिंठ्याच्या भित्तिचित्रांच्या नकलांचं दालन आहे. हैदराबादेत अजिंठा कसा, असं नव्या पिढीला वाटेल. १९५६ पर्यंत औरंगाबाद जिल्हा हैदराबाद राज्यातच होता. निजामाचं पुरातत्त्व खातं १९१४ साली निघालं, गुलाम यझदानी त्याचे प्रमुख झाले, चित्रं सावरायला इटलीहून कारागीर बोलावले गेले आणि यझदानींचे अजिंठ्यावरचे चार खंड १९३० ते १९५५ या काळात निघाले.

त्या अजिंठ्याच्या १७ क्रमांकाच्या लेण्यात, पडवीच्या भिंतीवर, एका मोठ्या चाकाचे अवशेष आहेत. सुरुवातीच्या इंग्रज पाहुण्यांना ते राशीचक्र वाटलं, म्हणून लेण्याचं नावच काही काळ ‘झोडिॲक’ पडलं. ते खरं भवचक्र होतं. बौद्ध विनयग्रंथांत सांगितलंय की विहाराच्या दाराशी हे चाक रंगवावं आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला समजावून सांगायला एक भिक्खू तिथे नेमावा. म्हणजे चित्राबरोबर गाइडची सोयसुद्धा पाचव्या शतकात होती. चाकाच्या कडेने कारणांची बारा कड्यांची साखळी असते. जन्म अकरावा, जरामरण बारावं, आणि बाराव्याला लागून पुन्हा पहिली कडी, अविद्या. तिथेही म्हातारपण हा शेवट नाही.

मराठी मुलखाने स्वतःची काही भर घातली का? घातली, आणि ती घालणारा माणूस बोहल्यावरून पळालेला होता. जालना जिल्ह्यातल्या जांबेत १६०८ साली जन्मलेले रामदास सावधान हा शब्द ऐकून मांडवातून निघून गेले, ही कथा प्रत्येक मराठी मुलाला माहीत असते. त्यांच्या दासबोधातला तिसरा दशक वाचताना मात्र वाटतं की या माणसाने चार संसार तरी केले असावेत. पहिल्या समासात गर्भातलं आणि जन्माचं दुःख. मग ‘सगुणपरीक्षा’ नावाचे चार समास, आणि त्यांत एकाच माणसाचं सगळं आयुष्य. लाडाकोडाचं बाळपण, लवकर लग्न, बायको गेली की दुसरं लग्न आणि पहिलीचं दुःख विसरणं. मुलं ढीगभर होतात, पैसा नेमका तेव्हाच हातून जातो. मुली लग्नाला येतात, कर्ज होतं, लाज राखायला माणूस परमुलखात कमवायला जातो. पुढे म्हातारपण, आणि घरात त्याला विचारत नाही कुणी. नवव्या समासात मृत्यू.

इथे हत्ती नाही, नाग नाही, किल्लीही लागत नाही. सावकार सावकारच आहे आणि भुकेली पोरं पोरंच आहेत. युरोपने जिन्याच्या प्रत्येक पायरीवर एक नमुना उभा केला: बालक, शिकारी, योद्धा, कुबडीवाला. रामदासांनी एकच माणूस घेतला आणि त्याला वर्षांतून ढकलत नेलं. रूपक सोडून देऊन रूपकाचं काम करणारी ही पद्धत, मध्ययुगाच्या सगळ्या चित्रांत सर्वांत कठोर म्हणावी लागेल. विहिरीतल्या माणसाला निदान मध तरी मिळतो. सगुणपरीक्षेतल्या माणसाच्या जिभेवर थेंब पडायच्या आत घरात दुसरं काही तरी उभं राहतं. या कठोरपणात थोडा अन्यायही आहे. नातवंडाला मांडीवर घेतलेल्या म्हाताऱ्याचं सुख या समासांत शोधून सापडत नाही, आणि ते सुख काही खोटं नसतं.

परमुलखात जाण्याचं ते ओळखीचं वळण कुकटपल्लीत रोज दिसतं. पुण्याहून सोलापूरमार्गे मछलीपट्टणला जाणारा राष्ट्रीय महामार्ग ६५ हाउसिंग बोर्ड कॉलनीच्या अंगावरून जातो, सगळे त्याला मुंबई हायवे म्हणतात. या कॉलनीच्या, म्हणजे केपीएचबीच्या, गल्ल्यांत मुलांची हॉस्टेलं एकाला एक लागून आहेत. बाविशीची मुलं कोर्स करतात, मुलाखती देतात. नोकरी लागली की फ्लॅट आणि हप्ता, मग काहींना अमेरिका. व्हिसासाठी चिलकूर बालाजीला ११ प्रदक्षिणा घालायच्या, काम झालं की परत येऊन १०८. त्यानंतर काही वर्षांनी याच फ्लॅटांत आई-बाप दोघंच उरतात आणि व्हिडिओ कॉलची वेळ अमेरिकेतल्या सकाळवर ठरते. रामदासांचा विदेश दोन-चार महिन्यांच्या वाटेचा असेल, आता तो साडेनऊ ते साडेतेरा तासांच्या घड्याळाच्या फरकाचा आहे.

तरीही इथल्या लोकांनी विहिरीपेक्षा चाकच जास्त मनावर घेतलंय. गुढी पाडवा आणि उगादी एकाच दिवशी येतात आणि त्या दिवशी मराठी व तेलुगू दोन्ही पंचांगांत संवत्सराचं नावही एकच असतं. अशी साठ नावं आहेत, प्रभवपासून क्षयपर्यंत, आणि साठ संपली की पुन्हा प्रभव. शके १८८८ चं नाव पराभव होतं, शके १९४८ चंही पराभवच. म्हणजे १९६६च्या पाडव्यानंतर वर्षभरात जन्मलेला माणूस २०२६च्या पाडव्याला आपल्या जन्माच्या संवत्सरात परत येतो. आपण साठीशांत करतो, तेलुगू घरांत षष्टिपूर्ती होते. फंक्शन हॉल घेतला जातो, साठीच्या नवऱ्याने बायकोच्या गळ्यात पुन्हा मंगळसूत्र बांधायचं असतं, मुलं आणि नातवंडं अक्षता टाकतात. संवत्सराचं चाक एक फेरा फिरलं की लग्नही पहिल्या जागी येतं, अशी ही हिशेबी कल्पना आहे. जिन्याच्या चित्रात साठी ही उताराची पहिली पायरी, इथे ती जेवणावळ.

त्याच्याही पुढे सहस्रचंद्रदर्शन. अधिक मास धरून वर्षाला सरासरी १२.३७ पौर्णिमा पडतात, हजाराला भागलं की ८० वर्षं आणि सुमारे दहा महिने येतात. म्हणून तो सोहळा एक्याऐंशीत होतो. पांढऱ्या उंदराने एवढे दिवस कुरतडले, तेवढ्या रात्री काळ्याने, आणि घरच्यांनी त्यातल्या हजार रात्री निवडून चांदण्याच्या ठरवल्या. हिशेब तोच, फक्त मोजताना मधाकडून मोजायला सुरुवात केली आहे.

विदुराची गोष्ट ऐकून धृतराष्ट्राने आणखी ऐकव म्हटलं, तेव्हा विदुराने आणखीही सांगितलं: लांबच्या वाटेवर ठिकठिकाणी दमून थांबणाऱ्या प्रवाशाचं, देहाच्या रथाचं. राजाने सगळं मन लावून ऐकलं. त्यानंतर तो हस्तिनापुरात, पांडवांच्या राजवाड्यात, पंधरा वर्षं राहिला आणि मग वनात गेला.